परड्याची आखणी : आठवणीची झाडे आणि घरखर्चाची झाडे एकाच जागेत

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील जुन्या घरांच्या परड्यात, म्हणजे घराभोवतालच्या बागेत, झाडांना माणसांची ओळख असते. एखादा फणस आजोबांनी लावलेला म्हणून त्यांच्या नावाने ओळखला जातो, विहिरीकडचा माड ज्या आत्याच्या लग्नाच्या वर्षी लागला तिच्या नावाने. ती माणसे गेल्यावरही झाड तोडण्याची गोष्ट निघाली की घरातील कोणीतरी आडवे येते. त्याच परड्यातून वर्षभराचे नारळ, आमसुले, अळू, केळीची पाने, पूजेची फुले आणि थोडाफार हातखर्चही निघत असतो. असे परडे नव्याने आखताना किंवा ओसाड पडलेले पुन्हा उभे करताना स्मरणासाठी एक शोभेचा कोपरा वेगळा काढावा आणि बाकीची जमीन उत्पन्नाला द्यावी, असा कल अलीकडे दिसतो. ही विभागणी मला चुकीची वाटते. जे झाड घराच्या रोजच्या वापरात असते त्यालाच पाणी मिळते, त्याचीच कीड वेळेवर नजरेस येते आणि म्हणून तेच पुढच्या पिढीपर्यंत टिकते. नुसता शोभेचा कोपरा, तो राखणारे माणूस मुंबईला गेले की एक-दोन उन्हाळ्यांत वाळून जातो. म्हणून येथे सुचवलेली आखणी स्मरण आणि उत्पन्न यांना एकमेकांत गुंफणारी आहे. १० ते १५ गुंठ्यांचे परडे, जांभ्याची जमीन आणि स्वतःची किंवा सामाईक विहीर एवढे त्यासाठी गृहीत धरले आहे.

आधी झाडांची वही

नवे रोप आणण्यापूर्वी असलेल्या झाडांची नोंद करावी. घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला, शक्यतो ज्यांचे आयुष्य परड्यात राबण्यात गेले अशा आजीला किंवा काकूंना, बरोबर घेऊन गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने एक फेरी मारावी आणि प्रत्येक झाडाविषयी विचारावे : ते कोणी लावले, रोप किंवा बी कोठून आणले, फळ कोणत्या महिन्यात येते, फणस कापा (घट्ट गऱ्यांचा) आहे की बरका (मऊ गऱ्यांचा), रायवळ आंब्याचा रस निघतो की तो लोणच्यालाच बरा, कोकमाला फळ धरते की झाड नुसते फुलते. ही माहिती दुसरीकडे कोठेही लिहिलेली नसते आणि सांगणारी माणसे थोडीच उरलेली असतात. प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा, वहीत त्याचे एक पान ठेवावे आणि त्या पानावर दरवर्षी उत्पन्न, रोग, मोडतोड एवढे टिपत जावे.

त्यानंतर चौकटीच्या कागदावर घर, विहीर, न्हाणीघर, पायवाटा, विजेच्या तारा, शेजाऱ्यांचा गडगा आणि झाडे यांचा नकाशा काढावा. मे महिन्यात भर दुपारी सावली कोठे पडते आणि जुलैच्या संततधारेत पाणी कोठे तुंबते, या दोन गोष्टी त्यावर वेगवेगळ्या रंगांनी दाखवाव्यात. कोकणात पावसाची वार्षिक सरासरी ३००० मिलीमीटरच्या पुढे जाते आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही. त्यामुळे येथील परड्याच्या आखणीत चर काढण्याचा आणि पाणी पुरवण्याचा असे दोन्ही प्रश्न एकाच जागेवर सोडवावे लागतात. यासाठी एक पावसाळा थांबावे लागले तरी थांबावे, कारण चुकीच्या जागी लावलेला माड पुढची पन्नास-साठ वर्षे तेथेच उभा राहतो.

घरापासून गडग्यापर्यंत

आखणी घराच्या दारापासून सुरू करावी. अंगणात तुळशीवृंदावन असतेच. त्याच्या आजूबाजूला अबोली, मोगरा, जास्वंद, अनंत ही उंच न होणारी फुलझाडे असावीत, कारण ती रोज खुडावी लागतात. प्राजक्त अंगणाच्या कडेला चालतो. सोनचाफा आणि बकुळ मात्र मोठे वृक्ष आहेत, त्यांना भिंतीपासून पुरेसे दूर ठेवावे.

घराच्या मागे न्हाणीचे पाणी जेथे जाते तेथे अळू आणि केळी लावण्याची जुनी पद्धत अजूनही उत्तम आहे. फरक एवढाच की पूर्वी त्या पाण्यात शिकेकाई आणि राख असे, आता साबण आणि कपड्यांची पावडर असते. त्यामुळे पाणी आधी खडी आणि वाळू भरलेल्या लहान खड्ड्यातून जाऊ द्यावे, त्याच्या काठावर कर्दळ लावावी, आणि मग ते केळी व माडाकडे न्यावे. माड क्षार बऱ्यापैकी सोसतो. सुपारी आणि भाजीचे वाफे यांना मात्र विहिरीचेच पाणी द्यावे.

भाजीची जागा घराच्या पूर्वेला, जेथे सकाळचे ऊन येते तेथे असावी. पावसाळ्यात मांडवावर पडवळ, दोडका, काकडी, आणि दिवाळीनंतर त्याच जागी मुळा, लाल माठ, चवळी, वाल घ्यावेत. चिबूड आणि काकडीच्या वेलांची लावणी अशी बेतावी की गणपतीच्या माटवीला (मूर्तीवर टांगायच्या चौकटीला) घरचीच फळे बांधता येतील.

नैर्ऋत्येकडून येणारा पावसाळी वारा येथे मोठी हानी करतो. त्या बाजूच्या गडग्यालगत आधी उभी असलेली झाडे शक्यतो हलवू नयेत. समुद्र जवळ असेल तर तेथे उंडी लावावी, कारण ती खारा वारा सोसते, आणि आत असेल तर काजू किंवा रतांबा (कोकम). कौलांवर झावळ किंवा नारळ पडू नये म्हणून माड घरापासून किमान ५ मीटर आणि आंबा-फणस ८ ते १० मीटर दूर ठेवावा. वड, पिंपळ आणि उंबर यांची मुळे विहिरीचे बांधकाम आणि जोते फोडतात, त्यामुळे त्यांना परड्यात जागा देऊ नये. जन्मनक्षत्राच्या वृक्षाची परंपरा पाळणाऱ्या घरांत ही अडचण प्रत्यक्ष येते. रोहिणीचा जांभूळ किंवा भरणीचा आवळा परड्यात सहज सामावतो, परंतु मघा नक्षत्राचा वड घरी लावण्याऐवजी ग्रामपंचायतीची किंवा देवस्थानाची परवानगी घेऊन मोकळ्या जागेत लावणेच योग्य.

माड हा आखणीचा कणा

घरखर्चाचा मुख्य भार माडच उचलतो, म्हणून उरलेली झाडे त्याच्या अंतराच्या हिशेबाने बसवावीत. दोन माडांत साडेसात मीटर, म्हणजे सुमारे २५ फूट, अंतर ठेवावे. या अंतराने १० गुंठे पूर्ण मोकळ्या जागेत १६ ते १८ माड बसतात. पुष्कळ परड्यांत यापेक्षा दाट लावलेले माड दिसतात, ते प्रकाशासाठी वाकडे वाढतात आणि त्यांच्याखाली दुसरे काहीच नीट येत नाही. अंतर पुरेसे ठेवले तर मधली जागा वाया जात नाही, हे रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राच्या ‘लाखीबाग’ या रचनेने दाखवून दिले आहे. तिच्यात चार माडांच्या मधोमध जायफळ, दोन माडांच्या मध्ये दालचिनी, माडाच्या खोडावर काळी मिरी आणि सुरुवातीच्या वर्षांत केळी व अननस अशी मांडणी असते. घरगुती परड्यासाठी या रचनेत मी एक बदल सुचवेन. मिरीचा वेल सगळ्या माडांवर चढवू नये, कारण नारळ पाडण्यासाठी वर चढणाऱ्या पाडेल्याला त्याचा अडथळा होतो. मिरीसाठी पांगारा किंवा पोफळी (सुपारीचे झाड) यांचा आधार घ्यावा.

माडाचा खड्डा एप्रिल-मेमध्ये लांबी, रुंदी आणि खोली प्रत्येकी १ मीटर असा खणावा. त्यात चांगली माती, चार-पाच घमेली कुजलेले शेणखत आणि दीड किलो सिंगल सुपर फॉस्फेट भरावे. रोप ९ ते १२ महिन्यांचे, पाच-सहा पानांचे, बुंध्याशी आखूड आणि जाड असलेले निवडावे. बाणवली ही उंच जात घराला सर्वांत सोयीची आहे : ती सहा-आठ वर्षांनी फळते, पण नीट निगा राखली तर वर्षाला ८० ते १०० नारळ देते आणि ८० वर्षांपर्यंत उभी राहते. लावणी पावसाच्या सुरुवातीला करावी. पाणी तुंबणाऱ्या सखल जागेत मात्र मोठा पाऊस ओसरल्यावर करावी, नाहीतर कोंब कुजतो. पहिले दोन उन्हाळे झावळ्यांची सावली आणि नियमित पाणी चुकवू नये.

पाच वर्षांपुढील माडाला दरवर्षी ५ घमेली शेणखत, सव्वादोन किलो युरिया, ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि २ किलो म्युरेट ऑफ पोटॅश द्यावे. शेणखत आणि सुपर फॉस्फेट जूनमध्ये एकदम द्यावेत, युरिया व पोटॅश जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारी असे तीन हप्त्यांत विभागावेत. खत बुंध्याशी न टाकता दीड-दोन मीटरच्या आळ्यात पसरावे. सोडणे (नारळाच्या साली) आणि झावळ्या जाळू नयेत, त्यांचा थर आळ्यात दिला तर उन्हाळ्यातील पाण्याची पाळी लांबवता येते.

गेंड्या भुंग्याकडे विशेष लक्ष द्यावे. तो शेणखताच्या खड्ड्यात वाढतो आणि माडाचा कोवळा सुरळा पोखरतो. पाने कात्रीने कापल्यासारखी त्रिकोणी दिसू लागली की तारेच्या आकड्याने भुंगा बाहेर काढावा आणि वरच्या पानांच्या बेचक्यांत वाळू व निंबोळी पेंड मिसळून भरावी. शेणखताचा खड्डा माडापासून दूर ठेवून वेळोवेळी उलटावा.

आठवणीचे झाड कसे निवडावे, कसे जपावे

ज्या व्यक्तीचे स्मरण करायचे तिच्या हाताला जे झाड सवयीचे होते ते पहिले निवडावे. ज्या आजीने आयुष्यभर आमसुले केली तिच्यासाठी रतांबा, जिच्या वेणीत सुरंगीचा वळेसर (गजरा) असे तिच्यासाठी सुरंगी, ज्यांनी दुपारभर फणस फोडून शेजारी-पाजारी गरे वाटले त्या आजोबांसाठी फणस. दुसरी कसोटी आयुर्मानाची : रायवळ आंबा, फणस, बकुळ आणि कोकम ही झाडे दोन-तीन पिढ्या पाहतात. केळ, पपई, शेवगा ही वर्ष-दोन वर्षांत पैसे देणारी झाडे आहेत, त्यांच्यावर आठवणीचा भार टाकू नये. गुलमोहर दिसायला देखणा असला तरी त्याच्या फांद्या वादळात सहज मोडतात आणि घराला त्याचा उपयोग नाही, म्हणून मी तो सुचवणार नाही. जागा निवडताना परड्याचा दूरचा कोपरा टाळावा. विहिरीच्या वाटेवर, गोठ्याजवळ किंवा मागील दारातून दिसेल अशा ठिकाणी ते झाड असावे.

नवे झाड लावण्यापेक्षाही मोलाचे काम म्हणजे गेलेल्या माणसाने लावलेले झाड पुढे नेणे. बी पेरून उगवलेले रोप आईच्या झाडासारखेच फळ देईल याची खात्री नसते. कलम केले तर मात्र तेच झाड, त्याच चवीचे फळ, नव्या मुळांवर उभे राहते. घराच्या वाटण्या झाल्या, भावंडे पुण्याला, ठाण्याला किंवा परगावी स्थायिक झाली, तरी आजोबांच्या एका आंब्याची पाच कलमे पाच घरांत जाऊ शकतात. जुने झाड म्हातारे झाले असेल तर हे काम पुढच्या हंगामावर ढकलू नये, कारण एका वादळात ते उन्मळून पडले तर काडी घ्यायलाही काही उरत नाही.

आंब्यासाठी कोय कलम जून ते ऑगस्टमध्ये करतात. पिशवीत रुजवलेल्या कोयीचे रोप पंधरा-वीस दिवसांचे, पाने तांबूस आणि खोड कोवळे असतानाच वापरायचे असते. जुन्या झाडाच्या उन्हात असलेल्या फांदीवरून तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड, १० ते १५ सेंटीमीटर लांब आणि टोकाचा डोळा फुगलेली काडी निवडावी. काडी कापण्याच्या आठ-दहा दिवस आधी तिची पाने देठ ठेवून छाटावीत, म्हणजे डोळा टपोरा होतो. रोपाचे खोड आडवे छाटून त्यात उभा काप घेतात, काडीच्या बुडाला पाचरीचा आकार देऊन ती कापात बसवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. फणस, काजू आणि कोकमासाठी याच धर्तीचे मृदुकाष्ठ कलम करतात. हात बसलेला नसेल तर काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच दिवशी जवळच्या रोपवाटिकेत नेऊन कलमे बांधून घ्यावीत आणि प्रत्येक पिशवीवर झाडाचा वहीतील क्रमांक लिहावा. सगळी कलमे जगत नाहीत, म्हणून हव्या असलेल्या संख्येच्या दुप्पट काड्या द्याव्यात.

कोकमाच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. कोकमात नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात आणि बियांपासून केलेल्या रोपांतील निम्म्याच्या आसपास नर निघतात. ते बऱ्याच वर्षांनी फुलल्यावर कळते. म्हणून काडी फळणाऱ्या झाडाचीच घ्यावी. शिवाय ती सरळ वर वाढणाऱ्या फुटव्यावरून घ्यावी, आडव्या फांदीची काडी घेतली तर कलमही आडवेच पसरत राहते. जायफळालाही हेच दोन्ही नियम लागू आहेत, आणि तेथे दहा-बारा मादी झाडांमागे एक नर ठेवावा लागतो.

माडाचे कलम होत नाही. जुन्या माडाचे ११-१२ महिने पक्व झालेले नारळ रुजत घालून त्यांतील लवकर कोंब आलेली, जोमदार रोपे ठेवावीत. ती हुबेहूब आईसारखी नसली तरी वंश तोच राहतो.

रक्षा, नावाची पाटी आणि पार

दहनानंतरची रक्षा नदीत न सोडता स्वतःच्या शेतात विसर्जित करून त्या जागी झाड लावण्याची पद्धत महाराष्ट्रातील अनेक गावांनी स्वीकारली आहे. कोकणातही ती वाढावी असे मला मनापासून वाटते. घरातील ज्येष्ठांशी आणि धर्मकृत्ये करणाऱ्यांशी आधी बोलून घ्यावे. काही घरांत अस्थी तीर्थक्षेत्री आणि रक्षा परड्यात, असा दोघांनाही मान्य होणारा मार्ग निघतो. लावणीत मात्र काळजी घ्यावी लागते. रक्षेत कॅल्शियम आणि फॉस्फरस असते, पण तिच्यात क्षारही भरपूर असतात आणि ती अल्कधर्मी असते. ती सगळी खड्ड्यात ओतून त्यावर रोप ठेवले तर कोवळी मुळे भाजतात, आणि ज्या झाडात सर्वांचे मन गुंतले आहे तेच मरते, याचे दुःख घराला दुसऱ्यांदा सोसावे लागते. खड्ड्यातील मातीत एक-दोन ओंजळीच रक्षा नीट मिसळावी. उरलेली सर्व माडांच्या आळ्यांत पातळ पसरावी. कोकणची माती आम्लधर्मी असल्याने थोड्या रक्षेने तिचे नुकसान होत नाही आणि पहिल्या पावसात जादा क्षार निघून जातात. कुंडीतील रोपाला ती अजिबात घालू नये.

नावाची पाटी खोडाला खिळ्याने ठोकू नये, तारेने आवळूही नये, कारण खोड वाढते आणि तार सालीत रुतते. बाजूला एक चिरा रोवून त्यावर बसवलेल्या काळ्या दगडावर अक्षरे कोरून घ्यावीत, रंग एका पावसाळ्यातच उडतो. पार बांधायची घाई करू नये. झाड मोठे झाल्यावर खोडापासून दीड मीटर सोडून, सिमेंट न वापरता, जांभ्याचे चिरे रचून बांधलेला पार चांगला. आतील मातीची पातळी मूळ जमिनीइतकीच ठेवावी, बुंधा मातीत गाडला गेला की साल कुजते.

पैशाचा हिशेब

परड्याचे उत्पन्न एकदम येत नाही, थोडे थोडे वर्षभर येते, म्हणूनच ते घरखर्चाला उपयोगी पडते. नारळाची पाडप दीड-दोन महिन्यांनी होते. एप्रिल-मेमध्ये काजू, आंबा, फणस आणि रतांबे एकदम येतात. तेव्हा कच्चा माल व्यापाऱ्याला देऊन टाकण्यापेक्षा आमसुले, आगळ (रतांब्याचा खारवलेला रस), फणसपोळी, आंबापोळी करून ठेवली तर तेच फळ वर्षभर विकता येते. रतांब्याच्या बियांपासून मुठेल (कोकमतेल) निघते, तेही टाकू नये. झावळीच्या हिरांच्या केरसुण्या आणि खराटे पावसाळ्याच्या रिकाम्या दुपारी होतात. सुरंगी आणि अबोलीचे वळेसर वेंगुर्ले-सावंतवाडीच्या बाजारात अजूनही मागितले जातात. खाद्यपदार्थ विकायचे असतील तर अन्न सुरक्षा नोंदणी आधी करून घ्यावी, बचत गटामार्फत ती सोपी जाते. हे सर्व काम बहुतेक घरांत स्त्रियाच करतात. त्यामुळे त्या विक्रीचे पैसे त्यांच्याच खात्यात जमा व्हावेत आणि घरी खाल्लेल्या नारळ-भाजीची किंमतही वहीत धरली जावी, एवढा आग्रह मी धरीन. नाहीतर परडे किती देते हे घरातील कोणालाच कळत नाही आणि जमीन विकण्याची गोष्ट निघते तेव्हा त्याच्या बाजूने बोलायला आकडे नसतात.

पाडेली मिळणे आता कठीण झाले आहे. नारळ विकास मंडळ शिडीसारख्या यंत्राने माडावर चढण्याचे प्रशिक्षण देते, ते गावातील एक-दोन तरुण-तरुणींनी घेतले तर अनेक परड्यांचा प्रश्न सुटतो.

सामाईक आणि बंद घरांसाठी

सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावे असलेल्या परड्यात झाड लावण्यापूर्वीच सर्व हिस्सेदारांची लेखी संमती घ्यावी. कोणत्या झाडाचे उत्पन्न कोणाचे आणि कोणते झाड कोणीही तोडायचे नाही, हे एका कागदावर सह्यांनिशी असावे. बांधावरच्या झाडांची नोंद ई-पीक पाहणीत करता येते, ती करावी. आंबा, फणस, जांभूळ, चिंच यांसारखी झाडे तोडण्यासाठी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियमाप्रमाणे परवानगी लागते, हेही सर्वांना माहीत असावे.

घर वर्षातून गणपती आणि शिमगा यांपुरतेच उघडत असेल तर एकाच वर्षी फार रोपे लावू नयेत. जेवढ्यांना पहिले दोन उन्हाळे पाणी पोहोचेल तेवढीच लावावीत. रोपाशेजारी तळाला बारीक भोक पाडून वात घातलेले मडके पुरले, ते भरून तोंड झाकले आणि आळ्यात पाचोळ्याचा जाड थर दिला, तर रोज पाणी घालावे लागत नाही, काही दिवसांनी मडके भरले तरी पुरते. ते भरण्यासाठी शेजारच्या घराशी ठरवावे आणि मोबदला म्हणून ठरावीक माडांचे नारळ किंवा एका फणसाचे फळ त्यांना द्यावे. हा व्यवहार तोंडी न ठेवता झाडांच्या वहीतच, त्या त्या झाडाच्या पानावर लिहून ठेवावा आणि वहीची एक प्रत शेजाऱ्यांकडे असावी.